मॅडनमध्ये गडी पहिल्याच टॅकलला आडवा होतोय? आधी उजव्या हाताची तर्जनी बघा

तक्रार एकच, माणसं वेगळी. "स्टिक बरोबर हलवली होती रे, तरी धरलंच त्याने." दिवाळीपासून हे वाक्य मी भाच्याकडून, कंपनीतल्या एका मित्राकडून आणि इंदिरानगरला आमच्याच बिल्डिंगमधल्या दोन पोरांकडून ऐकलंय. त्याच्या आधी दोन महिने मी स्वतः टीव्हीकडे बघून हेच पुटपुटत होतो. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

'मॅडन एनएफएल' म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा गेम. नाशकात क्रिकेटचा नाहीतर आपल्या नेहमीच्या फुटबॉलचा गेम खेळणारे ढिगाने मिळतात, हा खेळणारे हाताच्या बोटांवर. नवख्यांना एवढं पुरे: अकरा विरुद्ध अकरा, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, आणि चेंडू काखेत मारून पळणाऱ्याला समोरच्यांनी पाडायचं, त्यालाच टॅकल म्हणतात. आपल्याला कबड्डीतून हे उपजतच कळतं. एकटा चढाईपटू आणि अंगावर येणारे सात, तसंच काहीसं.

पाडणाऱ्याला चकवायचे डाव पॅडवर, म्हणजे हातातल्या कंट्रोलरवर, असे आहेत. उजवी स्टिक डावीकडे-उजवीकडे झटकली की हूल, म्हणजे ज्यूक. मागे ओढली की डेड लेग, पळता पळता पाय आखडून क्षणभर थबकणं. पुढे ढकलली की ट्रक, मराठीत सरळ ढुशी. बी दाबलं की गिरकी, ए दाबलं की स्टिफ आर्म, म्हणजे हात लांब करून लोटणं. वाय दाबलं की हर्डल, उडी. आरबी आणि आरटी ही पॅडच्या वरच्या कडेची उजवीकडची, तर्जनीने दाबायची बटणं: आरबीने चेंडू दोन्ही हातांनी छातीशी धरला जातो आणि आरटी म्हणजे जोरात धाव. मी पीसीवर खेळतो म्हणून ही नावं एक्सबॉक्सच्या पॅडची आहेत. प्लेस्टेशनवाल्यांनी ए म्हणजे क्रॉस, बी म्हणजे गोल, एक्स म्हणजे चौकोन, वाय म्हणजे त्रिकोण आणि आरटी म्हणजे आर टू असं वाचावं. हे भाषांतर मी उगाच देत नाहीये, त्याने आमचे दोन रविवार खाल्लेत.

मी अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं की आमच्यात कोणी थेट मोटर खोलत नाही. आधी सप्लाय, मग फ्यूज, मग वायरिंग, आणि मोटर सगळ्यात शेवटी. बदल करायचा तो एका वेळी एकच, नाहीतर दुरुस्ती कशाने झाली हेच कळत नाही. इथेही त्याच क्रमाने जाऊ.

आधी सप्लाय

भाचा पाथर्डी फाट्याला राहतो आणि रविवारी माझ्याकडे येतो. त्याचा एक दोस्त प्लेस्टेशनवर मॅडन खेळतो. त्याने फोनवर सल्ला दिला, "बाजूने कोणी आला की एक्स दाबायचं, हाताने लोटून देतो." दोस्त बोलत होता क्रॉसबद्दल, कारण प्लेस्टेशनच्या त्या बटणाला सगळे एक्सच म्हणतात. आमच्या पॅडवरचं एक्स वेगळं. तिसरा प्रयत्न, फक्त दोन यार्ड हवेत, डावीकडे मोकळं रान आणि एक कॉर्नरबॅक, म्हणजे समोरच्यांचा कडेचा बचावपटू, तिरका येतोय. भाच्याने एक्स टिचकावलं. गडी पळता पळता आपणहून खाली बसला. कोणी हातसुद्धा लावला नव्हता.

"मामा, हा बसला का?"

मी म्हटलं दमला असेल. पुढच्या डावात परत बसला. त्या पॅडवर एक्स टिचकावलं की पळणारा स्वतःहून डाव सोडतो, आणि दाबून धरलं की पुढे सूर मारतो. लोटायचं बटण त्याच्या खालचं, ए. तुमचाही गडी असा मध्येच बसत असेल किंवा कारण नसताना सूर मारत असेल, तर पहिला संशय यावर घ्या. आमची पोरं आता "खालचं", "उजवीकडचं", "वरचं" असंच बोलतात, मग पॅड कुठल्याही कंपनीचा असो.

बटणं बरोबर असतील तर स्टिक बघा. विंडोजमध्ये विंडोज आणि आर ही दोन बटणं एकत्र दाबून रन उघडा, 'जॉय डॉट सीपीएल' टाइप करा, पॅड निवडून प्रॉपर्टीजमध्ये जा. स्टिक सोडलेली असताना खूण मधोमध थांबली पाहिजे. ती हात न लावता सरकत असेल तर स्टिक घसरली आहे. उजवी स्टिक पूर्ण डावीकडे नेऊनही तिची पट्टी टोकाला जात नसेल तर तुमची हूल गेमपर्यंत अर्धवटच पोहोचते. मित्राचा पॅड असाच होता आणि तो बिचारा स्वतःच्या अंगठ्याला दोष देत बसला होता.

त्यानंतर टीव्ही. हॉलमधल्या टीव्हीला पीसी जोडला असेल तर गेम मोड चालू आहे का बघा. टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यासाठी मध्ये जी प्रक्रिया करतो त्यात वेळ जातो. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची. टीव्हीने १०० मिलिसेकंद खाल्ले की तुम्ही सहा फ्रेम जुनं चित्र बघून डाव टाकताय. सरळ पळताना हे जाणवत नाही. हूल देताना मात्र तेवढ्यातच सगळं होऊन जातं. पॅड ब्लूटूथवर असेल तर तपासण्यापुरता केबलने जोडा. स्टीमवरून खेळत असाल आणि एका दाबात दोन डाव पडत असतील, तर गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये कंट्रोलरखाली स्टीम इनपुट बंद करून बघा. पॅडचा संदेश दोन वाटांनी जात असला की असं होतं.

हे सगळं अर्ध्या तासाचं काम आहे. दहातल्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतील असं मला आधी वाटायचं. तसं होत नाही. खरी मेख पुढे आहे.

आरटी सोडा

भाच्याच्या शेजारी बसून मी एक दिवस टीव्हीकडे न बघता फक्त त्याचे हात बघितले. चेंडू हातात आला की उजव्या हाताची तर्जनी आरटीवर जी दाबली जायची, ती गडी आडवा होईपर्यंत सुटायचीच नाही. अंगठा बिचारा हूल देतोय, गिरकी घेतोय आणि तर्जनी ॲक्सिलरेटर पिळून बसली आहे. मग स्वतःचे हात बघितले. माझंही तेच.

संध्याकाळी सातला द्वारका चौकात कोणी पूर्ण पिळून गाडी वळवतं का? पूर्ण वेगात पळणाऱ्याला कमी जागेत वळता येत नाही. मॅडनमध्येही तेच आहे. आरटी दाबलेला असताना वळण मोठं होतं, पावलं लांब पडतात आणि हूल दिली तरी गडी आधीच्याच दिशेने घसरत पकडणाऱ्याच्या हातात जातो. बोट उचललं की पावलं आखूड होतात, वळण जागेवर मिळतं आणि हूल दिल्यावर दुसरीकडे निघायला वाव राहतो. खो-खो खेळलेल्यांना हे सांगायला नको. पाठलाग करणारा जवळ आल्यावर धावणारा अर्ध्या वेगात चवड्यांवर नाचत असतो, हूल देतो आणि मगच सुटतो. आधीच सुसाट सुटलेला गडी हूल देतो कुठे, तो नुसता पळतो आणि बाद होतो.

दुसरं नुकसान रेषेच्या मागे होतं, म्हणजे डाव जिथून सुरू होतो त्या रेषेच्या. चेंडू मिळाल्या मिळाल्या आरटी दाबला की तुम्ही आपल्याच ब्लॉकरच्या पाठीवर आदळता. पुढच्या पाच गड्यांना समोरच्यांना अडवून फट पाडायला क्षणभर वेळ लागतो. तो द्या. डाव्या स्टिकने चालत गेल्यासारखं जा, फट दिसली की तिच्यात शिरा, आणि रेषा ओलांडून मोकळं मैदान दिसलं की मग दाबा. पहिल्या दिवशी अगदी कसंतरी वाटतं. आपण आळशीपणा करतोय असं वाटतं. वाटू द्या.

सवय मोडायला मी एक देशी उपाय केला. आरटीच्या बटणावर मेडिकलमधली कापडी चिकटपट्टी चिकटवली, दोन घड्या घालून, जरा खरखरीत. बोट तिथे टेकलं की टोचल्यासारखं व्हायचं आणि लक्षात यायचं की आपण दाबून बसलोय. आठवडाभराने काढली. भाच्याने ती लगेच काढून टाकली होती, त्याला दोन आठवडे जास्त लागले.

खात्री करून घ्यायची असेल तर प्रॅक्टिस मोडमध्ये मधून जाणारा एकच साधा रनिंग डाव निवडा. दहा वेळा आरटी दाबून, दहा वेळा रेषेपर्यंत न दाबता. किती यार्ड मिळाले ते वहीत लिहा. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, आपल्याला लांबच्या एक-दोन धावाच आठवतात.

डाव उशिरा की लवकर

तर्जनी सुटली तरी काही जण पडतातच. बहुतेक वेळा डाव उशिरा पडतो. या गेममध्ये पकडायची हालचाल एकदा सुरू झाली की मागाहून दाबलेल्या बटणाला किंमत नसते. तुम्हाला वाटतं दाबलं होतं, आणि दाबलंच होतं, पण तोवर निकाल लागलेला असतो.

हे तपासायचं हत्यार गेममध्येच आहे. कॉम्प्युटरविरुद्ध खेळताना गडी पडला की पॉज करून इन्स्टंट रिप्ले उघडा आणि चित्र हळूहळू पुढे न्या. दोन गोष्टी बघायच्या: पकडणारा झेपावतो तो क्षण आणि तुमचा गडी पाऊल बदलतो तो क्षण. आधी कुठला येतो? माझ्या बाबतीत झेप आधी होती, जवळजवळ दर वेळी. भाच्याचं उलटं होतं. तो चार-पाच यार्ड लांबूनच हूल द्यायचा, पकडणारा आरामात दिशा बदलायचा आणि हा त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहायचा. दोघांची तक्रार शब्दशः एकच, दुखणं विरुद्ध. म्हणून सरसकट "लवकर दाब" हा सल्ला देऊ नका, घेऊही नका. साधारण दोन यार्डांच्या आसपास, दोघांत एक-दोन ढांगांचं अंतर असताना हूल लागते. गिरकीला त्याहून थोडं जवळ चालतं. लोटायला तर माणूस हाताच्या टप्प्यातच हवा.

माणूस कसा येतोय ते बघा

इथे लोक सगळ्यात जास्त घोळ घालतात. एकच आवडता डाव सगळ्यांवर मारतात. आमच्या बिल्डिंगमधला एक जण समोर कोणी दिसला की गिरकी, बाजूला दिसला की गिरकी, कोणी नसला तरी गिरकी.

अगदी समोरून, छातीसमोर छाती, जोरात येतोय? त्याला हूल. जितका जोरात येतो तितकं त्याला थांबणं अवघड, एक पाऊल बाजूला टाकलं की तो भुर्रकन निघून जातो. डेड लेगही यालाच चालतो, विशेषतः तो थोडा तिरका, तुमच्या पुढची जागा अडवायला धावत असेल तर. तुम्ही थबकता, तो पुढे जातो, तुम्ही त्याच्या पाठीमागून आत वळता. पण थबकल्यावर वेग परत कमवावा लागतो, म्हणून मागून दुसरा कोणी येत नाही ना एवढं बघा.

तिरका येऊन खांद्याने धडकणाऱ्याला गिरकी, रिकाम्या जागेच्या बाजूला. तुमच्या बरोबरीने पळत बाजूने हात घालणाऱ्याला लोटा, म्हणजे ए. सीमारेषेजवळ हे दृश्य दर डावात येतं: तुम्ही बाहेरून पळताय, एक कॉर्नरबॅक आतून जवळ येतोय. तिथे हूल देऊन आत वळलात तर बाकीचे पाच जण वाट बघतच असतात. लोटा आणि पळत राहा. तोच ए समोरून येणाऱ्या दणकट लाइनबॅकरवर (मधल्या फळीतल्या बचावपटूवर) वापरलात तर काही होत नाही, हात जागच्या जागी दुमडतो.

ढुशी फक्त एकट्यासाठी, आणि शक्यतो आपल्याहून हलक्या माणसासाठी. एक यार्ड हवाय, पुढे एकच सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचा बचावपटू, उभा आहे, तर मारा. दोघांच्या मध्ये शिरून ढुशी मारण्याचा हौशीपणा करू नका.

आणि उडी. वाय हे बटण पोरांना फार आवडतं, दिसतं भारी. कबड्डीत घोट्याला हात घालायला वाकलेल्या कोपरारक्षकावरून उडी मारून निघून जाता येतं, पण समोर छाती काढून उभ्या असलेल्या गड्यावरून कोणी उडी मारत नाही. हर्डलचा नियम नेमका तोच. पकडणारा पायांकडे झेपावतोय, सूर मारतोय, तरच. उभ्या माणसावर उडी मारली तर तो तुम्हाला हवेत धरतो, आणि हवेत बसलेल्या धक्क्याने चेंडू हातातून निसटायची भीती जास्त. ३ नोव्हेंबर २०२४ ला फिलाडेल्फिया ईगल्सच्या सॅकॉन बार्कलीने जॅक्सनव्हिलविरुद्ध पाठमोरा असताना एका बचावपटूवरून मागच्या मागे उडी मारली, ती क्लिप सगळ्यांनी बघितली असेल. 'मॅडन २६'च्या मुखपृष्ठावर तोच आहे. ती क्लिप परत बघा, पण या वेळी बार्कलीकडे नाही, पाडायला आलेल्याकडे बघा. तो खाली वाकलेला आहे.

अजून एक, जे सांगून कोणाला पटत नाही. बऱ्याचदा कुठलाच डाव नको असतो. प्रत्येक डावात वेग थोडा मोडतो आणि दम जातो. पकडणारा लांब असेल तर डाव्या स्टिकने नुसती दिशा बदला आणि जा.

गडी कोण आहे

भाच्याचा लाडका डेरिक हेन्री. सहा फूट तीन इंच उंच, २०२० च्या हंगामात टेनेसीसाठी २,०२७ यार्ड पळालेला. भाचा त्याच्याकडून हूल द्यायची अपेक्षा करतो. म्हणजे ट्रॅक्टरने दुचाकीच्या गल्लीत वळण घ्यायचं. हेन्रीची ख्यातीच मुळी माणसं हाताने लोटून देण्याची आणि अंगावर घेण्याची. त्याच्या हातात चेंडू असेल तर ए आणि ढुशी. याच्या उलट टोकाला डेट्रॉइटचा बॅरी सँडर्स, १९८९ ते १९९८ खेळला आणि १५,२६९ यार्ड पळाला, तेही पकडणाऱ्यांना जागच्या जागी नाचवून. तुमच्या संघात त्याच्या जातीचा कोणी असेल तर उजवी स्टिक वापरा.

खेळाडूच्या माहितीत ज्यूक मूव्ह, स्पिन मूव्ह, स्टिफ आर्म, ट्रकिंग, ब्रेक टॅकल, चेंज ऑफ डिरेक्शन असे वेगवेगळे आकडे असतात. एकूण रेटिंग बघून माणूस निवडू नका. हे चार-पाच आकडे बघा, ज्यात तो सगळ्यात चांगला आहे तो डाव पहिला आणि दुसरा एखादा जोडीला. बाकीचे विसरा. दमाकडेही लक्ष ठेवा. सलग चार डाव एकाच्याच हातात चेंडू दिला की तो दमतो, आणि दमलेल्या सँडर्सपेक्षा ताजातवाना दुसऱ्या फळीतला गडी परवडतो.

सुटतो, पण चेंडू पडतो

हे वेगळं दुखणं आहे, पण एक दुरुस्त झालं की दुसरं उपटतं. गिरकी, उडी, ढुशी हे तिन्ही डाव चालू असताना धक्का बसला तर चेंडू सुटायची शक्यता वाढते. उपाय आरबी. दोन-तीन जण घेरताहेत, आता सुटणं शक्य नाही हे दिसलं की डाव टाकणं थांबवा आणि आरबी धरा. गती थोडी कमी होते, होऊ द्या. भाच्याला हे अजून पटलेलं नाही. त्याला प्रत्येक वेळी अकराही जणांना चकवायचं असतं.

माणसाविरुद्ध ऑनलाइन खेळताना एक गोष्ट बदलते. सराईत खेळाडू झेप घेतच नाही. तो तुमच्या समोर अंतर राखून थांबतो आणि हूल तुम्ही आधी द्यायची वाट बघतो. अशाला डाव दाखवू नका. सीमारेषेकडे किंवा आपल्या ब्लॉकरच्या मागे चालत राहा, त्याला यायला भाग पाडा. वैतागून त्याने झेप घेतली की तुमची पाळी.

सुरुवात मात्र प्रो पातळीवरच करा. ऑल-मॅडन या सगळ्यात अवघड पातळीवर शिकायला बसणं म्हणजे पोहायला रामकुंडावर महापुरात उतरणं. स्किल्स ट्रेनर आहे, त्यात हे सगळे डाव एकेक करून करायला लावतात. कंटाळवाणं आहे, तरी करा.

गेल्या रविवारी भाच्याने शेवटी केलं. रेषेपर्यंत आरटीला हात नाही. उजव्या गार्डच्या (पुढच्या त्या पाचांतल्या एकाच्या) बाजूला फट पडली, आत शिरला. लाइनबॅकर समोरून आला, दोन यार्डांवर हूल, डावीकडे. मग तर्जनी खाली. सीमारेषेजवळ कॉर्नरबॅक बाजूने आला, खालचं बटण, लोटला. पुढे कोणी नाही. वीस यार्ड, पंधरा, दहा. आणि पाच यार्डांवर साहेब आनंदाने सोफ्यावरून उठून उभे राहिले. पॅड केबलवर होता, मीच लावायला सांगितला होता. केबल ताणली, पीसीतून निसटली आणि पडद्यावर कंट्रोलर जोडा अशी पाटी आली.

"मामा, हे नको हं लिहूस."

काल एमजी रोडवरून तीन मीटरची केबल आणली.